वाढदिवसाची वाटणी

माणूस एकदाच जन्माला येतो, असं आपण धरून चालतो. युवराज दोनदा आला. पहिल्यांदा ऐन उन्हाळ्यात, आईच्या पोटी. दुसऱ्यांदा विशी उलटल्यावर भर थंडीत, मॅनेजरच्या डोक्यातून. पहिल्या खेपेला त्याच्यासोबत एक जुळी बहीण होती. दुसऱ्या खेपेला मॅनेजरने तिला आणलं नाही.

युवराज हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण पोस्टरवर इतकी वर्षं तेच छापून येत होतं, की दूधवालासुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायचा. पंचावन्नाव्या वर्षी, केसांना रंग लावल्याशिवाय घराबाहेर पाऊल पडत नसतानाही तो युवराजच राहिला होता, कारण सम्राट अजून हयात होते आणि गातही होते. सम्राट म्हणजे गाण्यातला सगळ्यात मोठा माणूस. त्यांचा आवाज लागला, की न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकायचा. सम्राट आणि युवराज एकाच तारखेला जन्मले, वीस वर्षांच्या अंतराने, हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. दरवर्षी त्या दिवशी दोघं एकाच सुरीने एकच केक कापत आणि लोक म्हणत, बघा, नियतीची योजना कशी असते. नियती त्या वेळी व्यासपीठाच्या कडेला उभी राहून फोनवर पुढच्या कार्यक्रमाची बोलणी करत असायची. तिला टक्कल होतं आणि तिला सगळे मॅनेजर म्हणायचे.

युवराजच्या बहिणीला सगळे ताई म्हणत. ती त्याच्याहून जेमतेम पाऊण तासाने मोठी, पण त्या पाऊण तासाचा मान तिने जन्मभर सोडला नाही. भावाला ती धाकट्या म्हणायची. लहानपणी घरात एक जुनं अकॉर्डियन होतं. ते इतकं जड, की एकट्या पोराला पेलायचं नाही. म्हणून ते टेबलावर ठेवत. एका बाजूला ताई पट्ट्यांवर बोटं चालवायची, दुसऱ्या बाजूला धाकटा भाता ओढायचा आणि ओढता ओढता गायचा. ताईच्या बोटाच्या आधी त्याचा भाता हलत नसे आणि त्याच्या श्वासाच्या आधी तिचं बोट पडत नसे. ‘जुळी भावंडं’ म्हणून त्यांचे कार्यक्रम होत, आणि लोक शिट्ट्या वाजवून त्यांची एक धून पुन्हा पुन्हा म्हणायला लावत. युवराजचा दमसास पुढे फार नावाजला गेला. वर्तमानपत्रांनी त्याचं श्रेय सम्राटांच्या आशीर्वादाला दिलं. भात्याचं नाव कोणी काढलं नाही.

मॅनेजर त्यांच्या आयुष्यात आला तो हेच सांगत, की लोकांना दोघं नको असतात. जीव एकावर टाकता येतो, दोघांवर तो वाटला जातो. ताईने अकॉर्डियन उचललं आणि घरी आणलं. वर्षभरात मॅनेजरने भावाचा वाढदिवस उन्हाळ्यातून उचलून थंडीत, सम्राटांच्या तारखेवर नेऊन ठेवला. आई तेव्हा होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग मधले पाच महिने मी दूध पाजत होते ते कोणाला?”

मॅनेजर हसला. धाकटाही हसला. आई हसली नाही.

ताईने पुढे वाद्यदुरुस्तीचं दुकान टाकलं. फाटलेले भाते सांधायचे, सुरांच्या सुटलेल्या पट्ट्या मेणाने परत बसवायच्या, चिकटलेल्या कळा मोकळ्या करायच्या. हाताला यश होतं. लांबलांबून वाद्यं यायची. डावा खांदा मात्र हळूहळू जखडला, आणि भाता ओढणं तिला जमेना. दुसऱ्यांची वाद्यं वाजती करायची आणि आपलं कपाटावर ठेवायचं, असा तिचा संसार चालला होता. तक्रार नव्हती. कारण वर्षातून एकदा, खऱ्या वाढदिवसाला, धाकट्याचा फोन यायचा.

तो फोन न्हाणीघरातून असायचा. घरात नोकर, शागीर्द, मॅनेजर यांची ये-जा, म्हणून तो दार लावून नळ सोडायचा आणि हळूच विचारायचा, “ताई, कोणी ऐकत नाही ना?” मग लहानपणच्या त्या धुनेचा पहिला अर्धा भाग तो गुणगुणायचा, उरलेला ती. ज्याच्या आवाजाने मैदानं भरायची, तो स्वतःच्या वाढदिवसाला नळाच्या आवाजामागे लपून गायचा. ताईला त्याचा राग यायचा आणि दिवसभर आनंदही व्हायचा. त्याला भाकरीसाठी काय काय करावं लागतं, असं ती मनाला समजावायची. बाकी सगळं जगाला दिलं, पण हा एक दिवस आम्हा दोघांचा आहे, या हिशेबावर तिने इतकी वर्षं काढली.

हे असंच चाललं असतं. पण एक जुनं सभागृह पाडायला काढलं, आणि भिंतीवरच्या पोस्टरांचे थर सुटता सुटता सगळ्यात तळाशी ‘जुळी भावंडं’ निघाली. टेबलावर अकॉर्डियन, इकडे दोन वेण्यांची मुलगी, तिकडे तेच नाक घेऊन बसलेला मुलगा. कोणीतरी फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो घराघरात पोचला. युवराजला जुळी बहीण आहे! म्हणजे तिचाही वाढदिवस सम्राटांच्याच दिवशी! तीन कलावंत, एक तारीख! त्या वर्षी सम्राटांना पंचाहत्तर पूर्ण होत होती, मोठा सोहळा ठरला होता, आणि टीव्हीवाल्यांना तर घबाडच मिळालं.

मॅनेजर दुकानात आला तेव्हा ताई एका भात्याच्या कोपऱ्याला कातडं चिकटवत होती. त्याने स्टूल ओढलं, रुमालाने पुसलं आणि बसला.

“ताई, काही अवघड नाही. कोणी विचारलं तर तुमचीही तीच तारीख सांगायची. पाच महिन्यांनी लहान व्हाल, बायकांना तर हे आवडतं.”

“मला नाही आवडत.”

“तुम्हाला काय फरक पडतो हो? तारीखच तर आहे.”

“तारीखच आहे ना? मग तुमची द्या.”

मॅनेजरने रुमालाची घडी घातली. त्याला नाही ऐकायची सवय नव्हती, आणि जिथे नाही ऐकावं लागे तिथे तो आवाज आणखी गोड करायचा. “बघा हं. तुम्ही उन्हाळ्यात जन्मलात, ते थंडीत. एकाच आईला पाच महिन्यांत दोन बाळंतपणं कशी होतील? लोक वेडे आहेत, पण इतके नाहीत. दोघांपैकी एकाला सरकावं लागेल.”

“धाकट्याने सरकावं परत. तो सरकला होता, मी नाही.”

“तीस वर्षं केक कापून?” मॅनेजर उठला. “मग एकच उरतं. तुम्ही जुळ्या नाही. सख्ख्याही नाही. मानलेल्या. ते जुळी वगैरे त्या काळचं जाहिरातीचं खूळ होतं, असं सांगून टाकू.”

तो गेला, आणि ताई हातातलं कातडं घेऊन तशीच बसली. डिंक वाळून गेला. या माणसाने जे डोक्यातून काढलं होतं ते खरं ठरत होतं, आणि जे आईच्या पोटातून आलं होतं ते जाहिरातीचं खूळ. तिला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिने भावाला फोन लावला. तो गाडीत होता.

“अगं, वेडी आहेस का? त्यांना बोलू दे काय बोलायचं ते. मी असं म्हणेन का तुझ्याबद्दल?”

“नाही म्हणणार ना?”

“ताई! तू ये फक्त. पुढच्या रांगेत बस. मला बरं वाटेल.”

म्हणून ती गेली. चांगलं पातळ नेसून, जखडलेल्या खांद्यावर शाल घेऊन गेली. पुढची रांग देणगीदारांनी भरली होती, तिला तिसरीत बसवलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. धाकटा आज दुसरं काहीही बोलला असता तरी चाललं असतं; तो तिला नाकारणार नाही, एवढंच ती बघायला आली होती.

केक कापून झाला. सम्राट खुर्चीवर बसले, त्यांचा गुडघा दुखत होता. निवेदिकेने पडद्यावर ते जुनं पोस्टर दाखवलं आणि सभागृहात हसू पसरलं.

“युवराज, सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारते. ही तुमची जुळी बहीण?”

युवराजने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. दिव्यांच्या झोतात त्याला ती दिसली की नाही, कोण जाणे. त्याने माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. हे तो खोटं बोलण्याआधी करायचा, लहानपणी हातात विटी असली, तर तिचंही तेच करायचा.

“नाही हो,” तो म्हणाला. “जुळी हे त्या काळचं खूळ. तसं लिहिलं की गर्दी व्हायची. अनाथ होती बिचारी. माझ्या आईने पदराखाली घेतली.” इथे त्याचा आवाज कापरा झाला, आणि तो खरोखर कापरा झाला होता. “पण सांगतो, सख्ख्या बहिणीने केलं नसतं एवढं तिने माझ्यासाठी केलंय.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅमेरा ताईच्या चेहऱ्यावर आला. तिचे डोळे भरले होते, आणि ते भरलेले डोळे पडद्यावर भिंतीएवढे मोठे होऊन कृतज्ञ दिसत होते. शेजारच्या बाईंनी तिचा हात दाबला. “नशीब काढलंत हो. असा भाऊ मिळायला पुण्य लागतं.”

भाऊ गेला याचं दुःख ताईला नंतर झालं. आधी झालं ते आईचं. आई एकदा रीतसर वारली होती, तिने आणि धाकट्याने मिळून खांदा दिला होता. आज त्याने आईला पुन्हा नेलं, टाळ्यांच्या गजरात, आणि या खेपेला एकट्याने. ताई शाल सावरून उठायला लागली.

तेवढ्यात मॅनेजर वाकून रांगेतून आला. त्याचा चेहरा घामाने डवरला होता. “ताई, घात झाला. सम्राटांच्या साथीदाराच्या अकॉर्डियनचा भाता गळतोय. माइकवर सापासारखं फुस्स ऐकू येतंय. चला ना आत. घरचीच माणसं तुम्ही.”

“आत्ताच तर अनाथ होते,” ताई म्हणाली. पण गेली. वाद्याने तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

आतल्या खोलीत भाता कोपऱ्यात उसवला होता. डिंक लावला तर वाळायला वेळ लागणार. तिने इकडेतिकडे पाहिलं. आरशासमोर सम्राट गुडघ्याला पट्टी बांधून घेऊन एकटेच बसले होते. त्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी पुढे केली. ती चिकटवता चिकटवता तिने नाक पुसलं.

“खरंच अनाथ?” सम्राटांनी विचारलं.

“मघापासून.”

सम्राट तिच्याकडे बघत राहिले. “मला ऐकू कमी येतं, पण दिसतं चांगलं. दोघांचं नाक एकाच साच्यातलं आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्ही कधी जन्मलात?”

ताईने तारीख सांगितली. उन्हाळ्यातली. “तोही त्याच दिवशी. माझ्यामागून आला.”

“भाग्यवान आहात. तुम्हाला माहीत तरी आहे.”

“म्हणजे?”

“आज माझा वाढदिवस नाही, बाई. माझा कधी असतो ते मला ठाऊक नाही. घरात पोरांची लांबलचक रांग. आई म्हणायची, शेजारचं घर जळालं त्याच्या पुढेमागे झालास. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा कंपनीच्या मालकाला छापायला तारीख हवी होती. त्या दिवशी त्याच्या मुलीचा वाढदिवस होता, ऑफिसात केक उरला होता. म्हणाला, हाच धर. माझ्यापुढे उरलेला केक ठेवून फोटो काढला.” त्यांनी पाय थोडा सरळ केला. “तेव्हापासून मी दरवर्षी त्या पोरीच्या वाढदिवसाला म्हातारा होतोय.”

ताईला हसू फुटलं. त्या संध्याकाळी हसू येईल असं तिला वाटलं नव्हतं, पण आलं, आणि चांगलं पोटातून आलं. तिच्या भावाने जुळी बहीण देऊन जो दिवस विकत घेतला होता, तो एका कुठल्याशा मुलीचा होता. ती आता कुठेतरी आजी होऊन, कोणाच्याही भानगडीत न पडता, आपला केक खात असेल.

“तुम्ही त्या दिवशी काय करता?” सम्राटांनी विचारलं. वाढदिवसाला लोक खरोखर काय करतात, हे त्यांना मनापासून ऐकायचं होतं. ताईने सांगितलं. टेबलावरचं अकॉर्डियन, अर्धी धून त्याची, अर्धी तिची, हल्ली फोनवरून. खांद्याचंही सांगितलं.

“मग यंदा?”

“यंदा कसलं काय,” ताई म्हणाली. “भाता ओढणारा गेला.”

भाता दुरुस्त झाला. सम्राट गायले. युवराजने त्यांच्या पायाला हात लावला. ताई मागच्या दाराने घरी आली.

धाकट्याचे फोन येत राहिले. तिने ते वाजू दिले. त्याने निरोप पाठवला, की ते सगळं कार्यक्रमापुरतं होतं, ताईने मनाला लावून घेऊ नये. मुलाखती घ्यायला लोक आले, तिने त्यांना दुरुस्तीला वाद्य आणलंय का विचारलं. कोणी आणलं नव्हतं.

उन्हाळा आला. त्या दिवशी ताईने दुकान उघडलं, पण कामात मन लागेना. कपाटावरचं अकॉर्डियन तिने काढून टेबलावर ठेवलं, पुसलं, आणि आता याचं काय करायचं म्हणून बघत बसली. तेवढ्यात दारात काठी वाजली. सम्राट होते, एका हातात केकचा खोका.

“तुमच्या वाढदिवसात एक जागा रिकामी झाली असं कळलं,” ते म्हणाले. “हा उरलेला नाही, सबंध आहे.”

ताईने स्टूल पुढे केलं. म्हाताऱ्या सम्राटांनी कोट काढून खुंटीला लावला, ते अकॉर्डियनच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि भात्याला हात घातला. पहिल्याच ओढीला वाद्य रेड्यासारखं ओरडलं.

“दादा, हिसका देऊ नका,” ताई खेकसली. “माझ्या बोटाकडे बघा. दार ढकलल्यासारखं नका करू.”

इतक्या वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नसावं. ते निमूट शिकले. तासाभरात भाता बोटामागे येऊ लागला, आणि मग त्यांना राहवेना, ते धुनेसोबत गाऊ लागले. तो आवाज लपून राहणारा नव्हता. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला, त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने आलं, आणि बघता बघता दारासमोरचा रस्ता भरून गेला.

त्याच वेळी फोन वाजला. ताईचे हात गुंतले होते. तिने तो टेबलावरच स्पीकर लावून बोलता केला. पलीकडे नळ सुरू होता.

“ताई, कोणी ऐकत नाही ना?”

ती काही बोलली नाही. तेवढ्यावर धीर येऊन त्याने धून धरली, पहिला अर्धा भाग, हळू आवाजात, तसाच, लहानपणासारखा. काही झालं तरी तो तोच गळा होता. उरलेला अर्धा भाग तिने पट्ट्यांवर वाजवला, आणि दादांनी भाता ओढत त्यात आपला आवाज मिसळला.

नळ बंद झाला.

“हे... भाता कोण ओढतंय? ताई, सम्राट आहेत तिथे? का?”

“वाढदिवस आहे त्यांचा.”

“आज? त्यांचा तर थंडीत—”

“तो दुसऱ्या कोणाचा तरी होता. आजपासून हा त्यांचा. माझ्यातला अर्धा दिला मी.”

ज्या सम्राटांच्या शेजारी उभं राहायला युवराज तीस वर्षं दुसऱ्याच्या तारखेत जाऊन राहिला होता, ते आपल्या पायाने चालत त्याच्या स्वतःच्या तारखेवर आले होते, आणि तिथे तो नव्हता.

“पण ते तुझे कोण लागतात?” त्याने विचारलं. आवाज एकदम लहान मुलाचा झाला होता.

“मानलेला भाऊ,” ताई म्हणाली. हे वाक्य तिने कितीदा तरी मनात घोळवलं होतं, आणि म्हटल्यावर तिला मुळीच समाधान झालं नाही.

“ताई, मी येऊ?”

हो म्हणायला तिला क्षणही लागला नसता. तिने दाराकडे पाहिलं. रस्ता गच्च भरला होता, प्रत्येकाच्या हातात फोन उभा होता, न्हाव्याने तर खुर्चीच बाहेर आणली होती.

“ये की रे धाकट्या,” ती म्हणाली. “तुझ्या वाटचा केक ठेवते. पण दारात सगळं गाव उभं आहे. कोण आलंय म्हणून विचारतील. तेवढं मोठ्याने सांगून आत ये.”

ती थांबली. दादांनीही भाता धरून ठेवला. फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता, भात्यावर कमावलेला, लांब. मग पलीकडे नळ पुन्हा सुरू झाला.

ताईने थोडा वेळ तो ऐकला. मग बोटं पट्ट्यांवर ठेवली.

“ओढा, दादा,” ती म्हणाली.